शब्दावर सोडलेली रात्र

रविवार, 17 नोव्हेंबर 1996. दुपार

विशॉच्या ओल्ड पॅरिश चर्चमध्ये गावातल्या वयस्कर मंडळींसाठी जेवण आहे. पंगतीला शंभरच्या आसपास माणसं. ग्लासगोच्या आग्नेयेचा हा सगळा मुलूख पोलादावर जगलेला. शेजारचा रेव्हन्सक्रेगचा अवाढव्य कारखाना 1992 मध्ये बंद पडला, तेव्हापासून गावाला उतरती कळा लागली आहे. अशा गावात वर्षातून एखादं चर्चचं जेवण ही म्हाताऱ्या माणसांसाठी मोठी गोष्ट असते.

आज स्टेक पाय आहे. शिजवलेलं मांस आलंय कॅलेडोनियन रोडवरच्या जॉन बार अँड सन या दुकानातून. हे खाटकाचं दुकान साधंसुधं नाही. त्याला पुरस्कार मिळालेले आहेत, सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते. दुकानामागे शिजवलेल्या मांसाचा मोठा व्यवसायही चालतो आणि तिथला माल मध्य स्कॉटलंडमधल्या ऐंशीहून अधिक ठिकाणी जातो. चर्चच्या स्वयंपाकघरात त्या मांसावर कुणी शंका घ्यावी, असं काही नव्हतंच. दिसायला, वासाला, चवीला ते उत्तमच असणार. इ. कोलाय ओ157 या जिवाणूची दहशत इथेच आहे. नासलेलं अन्न आपण नाकाने ओळखतो. या जिवाणूने अन्न नासत नाही.

तो राहतो गुरांच्या आतड्यात, आणि गुरांना त्याचा काहीच त्रास होत नाही. कत्तलीच्या वेळी शेणाचा डाग मांसावर लागला की तो दुकानात येतो. मांसाच्या आतपर्यंत 70 अंश सेल्सिअसची उष्णता दोन मिनिटं पोचली तर तो मरतो. पण शिजलेल्या मांसाला पुन्हा कच्च्याचा सुरा, फळी, ट्रे किंवा हात लागला, तर सगळी मेहनत वाया. साल्मोनेलाला माणूस आजारी पाडायला बहुधा लाखोंची फौज लागते, याला शंभराच्या आत पुरतात. वाढायलासुद्धा वेळ नको. सुरा एकदा फडक्याने पुसून पुढे वापरला, एवढं निमित्त बस्स.

आणि हे सगळं 1996 च्या नोव्हेंबरात कुणाला नवं नव्हतं. 1982 मध्ये अमेरिकेत हॅम्बर्गरमधून तो पहिल्यांदा पकडला गेला. 1993 मध्ये तिथल्याच जॅक इन द बॉक्स या हॉटेलसाखळीच्या हॅम्बर्गरने चार मुलांचा जीव घेतला. चारच महिन्यांपूर्वी, जुलैत, जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलं आजारी पडली होती. खुद्द स्कॉटलंडमध्ये लोकसंख्येच्या मानाने या जिवाणूचे रुग्ण जगात सर्वाधिक असलेल्या देशांइतके सापडत होते. पण त्या वर्षी ब्रिटनचं सगळं लक्ष वेडावलेल्या गायींकडे होतं. मार्चमध्ये सरकारने पार्लमेंटमध्ये कबूल केलं होतं की गायींचा तो रोग माणसांपर्यंत पोचलेला असू शकतो. गोमांसाच्या भीतीने देश हादरला होता, आणि त्या भीतीत साधा सुरा-फळीचा प्रश्न मागे पडला होता.

सोमवार ते गुरुवार

बाहेरून पाहिलं तर काहीही घडत नाही. ओ157 पोटात गेल्यावर बहुधा तीन-चार दिवस गप्प असतो. मग पोटात पीळ पडून कळा येतात, पातळ जुलाब सुरू होतात आणि एक-दोन दिवसांत जुलाबातून रक्त. ताप फारसा नसतो. म्हाताऱ्या माणसाला वाटतं, पोट बिघडलंय, उद्या बरं वाटेल. तो दिवस काढतो.

डॉक्टरकडे गेल्यावर शौचाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि तिथे आणखी एक रात्र जाते. ही तपासणी पाहण्यासारखी असते. एका ताटलीत सॉर्बिटॉल ही साखर घातलेलं माध्यम असतं. आतड्यातले नेहमीचे इ. कोलाय ती साखर पचवतात आणि त्यांचे ठिपके गुलाबी होतात. ओ157 ला ती पचत नाही, म्हणून त्याचे ठिपके बिनरंगाचे, फिकट राहतात. सकाळी झाकण काढल्यावर गुलाबी गर्दीत ते फिके ठिपके दिसले की प्रयोगशाळेतला माणूस सावध होतो. पण ताटलीला रात्रभर उबेत राहावंच लागतं, त्याला इलाज नाही. म्हणून या रोगाच्या साथीत यंत्रणेला पहिली खबर मिळते तेव्हा माल विकून, खाऊन चार-पाच दिवस उलटलेले असतात. उरलेला वेळ फार मोलाचा असतो तो याचमुळे.

शुक्रवार, 22 नोव्हेंबर. दुपार

चर्चच्या जेवणाला सुमारे 120 तास झालेत. लॅनार्कशायर हेल्थ बोर्डाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे खबर येते की विशॉच्या काही रहिवाशांना ओ157 ची बाधा झाली आहे, काहींना झाल्याचा संशय आहे. एक नाही, एकाच गावातले कितीतरी.

इथपासून पुढचे काही तास मला थक्क करतात, कारण ते फार चांगले गेले. रुग्णांना, नातेवाइकांना एकच प्रश्न विचारला जातो: गेल्या आठवड्यात काय खाल्लंत, कुठून आणलंत? आजारी, थकलेल्या माणसाला मागच्या रविवारचं जेवण आठवायला लावणं सोपं नसतं. तरी संध्याकाळपर्यंत यादीतल्या 15 पैकी 9 जणांकडून ही माहिती हाती येते. त्या नऊपैकी आठ जणांनी बारच्या दुकानातलं काही ना काही खाल्लेलं आहे.

नऊपैकी आठ. साथीच्या तपासात इतक्या लवकर इतकं स्पष्ट बोट क्वचितच दिसतं. सूत्र सापडलं, दुकान सापडलं, आणि तेही सुरुवातीच्या काही तासांतच. ज्या यंत्रणेवर नंतर ठपका आला, तिने दुपार ते संध्याकाळ केलेलं काम कुठल्याही देशाला अभिमान वाटावा असं होतं.

शुक्रवार, 22 नोव्हेंबर. संध्याकाळ

नॉर्थ लॅनार्कशायर कौन्सिलचे आरोग्य अधिकारी दुकानात पोचतात.

ब्रिटनमध्ये खाटकाचं दुकान, हॉटेल, शाळेची खाणावळ तपासण्याचं काम स्थानिक कौन्सिलचं असतं. आपल्याकडे ते राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, महापालिकेचं आरोग्य खातं खाद्यगृहांना परवाने देतं. तिथे गावची कौन्सिलच सगळं पाहते. त्यातही ही कौन्सिल जेमतेम आठ महिन्यांची. 1 एप्रिल 1996 रोजी स्कॉटलंडमधल्या सगळ्या स्थानिक संस्थांची फेररचना झाली, जुनी मदरवेल डिस्ट्रिक्ट कौन्सिल मोडली आणि ही नवी उभी राहिली. कार्यालयं, खाती, हुद्दे सगळंच नव्याने बसत होतं.

अधिकाऱ्यांच्या हातात कायदा मात्र पक्का होता. 1990 च्या फूड सेफ्टी ॲक्टच्या 12 व्या कलमानुसार आरोग्याला तातडीचा धोका दिसला तर अधिकारी जागच्या जागी मनाईची नोटीस बजावू शकतो. ती दारावर लागते, मोडली तर गुन्हा होतो आणि तीन दिवसांत न्यायालयासमोर जाऊन ती पक्की करून घ्यावी लागते. संशयित माल जप्त करण्याचा अधिकार 9 व्या कलमात होताच. पण त्याच 12 व्या कलमात आणखी एक अट आहे: न्यायालयाला नोटीस अनाठायी वाटली तर दुकानदाराची नुकसानभरपाई कौन्सिलने भरायची. प्रामाणिक दुकानदाराला संरक्षण हवंच, त्याबद्दल वाद नाही. तरी शुक्रवारच्या संध्याकाळी, गावातल्या नावाजलेल्या दुकानाच्या काउंटरशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर या अटीचं ओझं केवढं असेल, हे कुणीही ओळखावं.

नोटीस बजावली जात नाही. शिजवलेल्या मांसाची विक्री आपण स्वेच्छेने थांबवतो, असं दुकानाकडून ठरतं. बाकीचं दुकान चालू राहतं.

या साथीची सगळी शोकांतिका माझ्या मते त्या एका तडजोडीत आहे. ती तडजोड करणारे अधिकारी भ्रष्ट होते असं कुणी म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. ते दुकानाला ओळखत होते, दुकान त्यांना. सहकार्य करणाऱ्या माणसाशी सहकार्याने वागावं, ही सरकारी कामातली चांगली सवय आहे. पण जिथे उद्याची ऑर्डर आजच घेतलेली असते आणि ऐंशीहून जास्त ठिकाणी गाड्या जातात, तिथे "थांबवतो" या शब्दात नेमकं काय काय बसतं, हे कुणीतरी कागदावर मांडायला हवं होतं. काउंटरवरची विक्री? आधी घेतलेल्या ऑर्डरी? बाहेर गेलेला माल? शब्दाला हद्द नसते. नोटिशीत प्रत्येक वस्तू लिहावी लागते, आणि लिहिताना अधिकाऱ्याला विचारावंच लागतं: हा माल आणखी कुठे जातो?

शुक्रवार रात्र ते शनिवार, 23 नोव्हेंबर

दुकान बंद होण्याची वेळ येते आणि जाते. शनिवारी सकाळी दुकान पुन्हा उघडतं.

विशॉमधल्या कॅस्केड नावाच्या पबमध्ये शनिवारी एका तरुण मुलीच्या अठराव्या वाढदिवसाची पार्टी आहे. थंड मांसाचे काप मांडायचे आहेत, आणि ते येतात बारच्या दुकानातून. आदल्या संध्याकाळी त्याच दुकानाकडे बोट दाखवलं गेलेलं आहे, विक्री थांबवण्याचं ठरलेलं आहे.

थंड काप म्हणजे सगळ्यात वाईट निवड. ते पुन्हा तापवले जात नाहीत. ताटात येतात, पावात जातात, लहान मूलसुद्धा हाताने उचलून खातं. मधे कुठेही जिवाणू मरण्याची संधी नाही. पार्टीत तरुण मंडळी होती, म्हणून त्या घरांत मृत्यू आले नाहीत, पण बरेच पाहुणे आजारी पडले. चर्चचं जेवण ही साथीची सुरुवात होती, तिचा दोष नशिबाला देता येईल. शनिवारची पार्टी मात्र यंत्रणेच्या डोळ्यांदेखत घडली.

रविवार ते मंगळवार, 26 नोव्हेंबर

हॉस्पिटलांत रुग्ण वाढत जातात. फॉर्थ व्हॅली भागातल्या एका वृद्धाश्रमातही बाधा पोचलेली आहे. आता कळत जातं की माल फक्त विशॉच्या काउंटरवर विकला गेलेला नाही. कुठल्या कुठल्या दुकानांत आणि स्वयंपाकघरांत तो आहे, याची यादी लोकांसमोर यायला दिवस जातात. ज्या घरात फ्रिजमध्ये तो तुकडा ठेवलेला आहे, त्या घराला काहीच सांगितलं जात नाही. यादी उशिरा आल्याबद्दल नंतर खूप टीका झाली आणि ती रास्त होती. दुकानांच्या व्यवसायाची काळजी त्या फ्रिजपेक्षा मोठी नव्हती.

या रोगाचा पुढचा टप्पा भयंकर असतो. जिवाणूचं विष रक्तातून जातं. बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, तिथे गुठळ्या धरतात, आणि तिथून जाताना तांबड्या पेशी फाटतात. मूत्रपिंडाची चाळणी तुंबते. लघवी कमी होते, मग थांबते. जुलाब थांबले म्हणून घरचे सुस्कारा सोडतात, आणि त्याच सुमारास हे सुरू होतं. अँटिबायोटिक दिलं तर विष आणखी सुटण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर ते टाळतात. मग डायलिसिस, रक्त, आणि वाट पाहणं.

मंगळवारी पहिला मृत्यू होतो. रुग्ण चर्चच्या जेवणाला गेलेला ऐंशी वर्षांचा गृहस्थ.

बुधवार, 27 नोव्हेंबर

दुकान बंद होतं. तेही स्वेच्छेने. शुक्रवारी संध्याकाळी अधिकारी त्या काउंटरशी उभे होते, त्याला पाच दिवस झालेत. बैल गेला नि झोपा केला, असं आपल्याकडे म्हणतात, पण इथे बैल जाताना सगळ्यांना दिसत होता.

दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडचे मंत्री मायकल फोर्साइथ तज्ज्ञगट नेमतात. अध्यक्ष ॲबर्डीन विद्यापीठातले जिवाणूशास्त्राचे प्राध्यापक ह्यू पेनिंग्टन.

त्यानंतरचे महिने

मृत्यू होत राहिले. शेवटी सुमारे 500 माणसं आजारी आणि 21 मृत. मृतांत वयस्कर माणसंच होती, आणि त्यातले कित्येक त्या रविवारच्या जेवणाला आलेले. म्हातारी माणसं होती, एरवीही किती दिवस जगली असती, असं म्हणणारे तेव्हाही भेटले असतील. अन्नाच्या तपासणीचा कायदा मुळात याच माणसांसाठी असतो. धडधाकट पंचविशीतला माणूस बहुतेक वेळा जुलाब होऊन सुटतो. कायद्याची गरज असते ती ऐंशी वर्षांच्या आजोबाला आणि पाच वर्षांच्या नातवाला.

पेनिंग्टन यांचा अहवाल एप्रिल 1997 मध्ये आला. कच्चं आणि शिजवलेलं मांस पूर्ण वेगळं ठेवा, खाटकांना परवाना सक्तीचा करा, आपल्या कामात धोका कुठे आहे ते दुकानदाराने पायरीपायरीने लिहून काढावं, ज्याला तिकडे हॅसॅप म्हणतात ते. यातलं शेवटचं 1995 च्या नियमांत बीजरूपाने होतंच. ते दुकानदारांना समजावून सांगायला आणि तपासायला पुरेसे अधिकारी आणि त्यांना पुरेसं शिक्षण नव्हतं.

वाढदिवसाच्या पार्टीला माल पुरवल्याबद्दल दुकानमालकावर खटला झाला. 1997 मध्ये त्या आरोपातून तो सुटला. कागदावरची नोटीस असती तर खटला वेगळा झाला असता का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. अन्नसुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल 1998 मध्ये दुकानाला दंड झाला 2,250 पौंड. त्याच वर्षी मृत्यूंची न्यायालयीन चौकशी झाली. शेरीफ प्रिन्सिपल ग्रॅहम कॉक्स यांनी दुकानावर आणि कौन्सिलच्या तपासनिसांवर, दोघांवरही ठपका ठेवला. 2000 मध्ये ब्रिटनला शेतीखात्यापासून वेगळी अशी फूड स्टँडर्ड्स एजन्सी मिळाली. खाटकांचे परवानेही सुरू झाले.

सप्टेंबर 2005, वेल्स

नऊ वर्षांनी, शुक्रवारीच, 16 सप्टेंबर 2005 रोजी दक्षिण वेल्समध्ये ओ157 ची साथ जाहीर झाली. या वेळी रुग्ण होते शाळेतली मुलं. चार कौन्सिलांच्या हद्दीतल्या 44 शाळांत ब्रिजेंडच्या जॉन ट्यूडर अँड सन या दुकानातलं शिजवलेलं मांस जात होतं. दुकानाला खाटकाचा परवाना होता. हॅसॅपची वही होती. कौन्सिलचे तपासनीस नियमित येत होते.

मांस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून सीलबंद करणारं यंत्र असतं. कच्च्या मांसासाठी एक आणि शिजवलेल्यासाठी दुसरं हवं. तिथे दोन्हीसाठी एकच वापरलं जात होतं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला सांगितलं गेलं की दुसरं यंत्र दुरुस्तीला गेलंय, आणि ते मान्य केलं गेलं. दुरुस्तीची पावती मागितली गेली नाही. यंत्राच्या त्या पट्टीवर आधी कच्च्या मांसाची पिशवी टेकायची, मग हॅमची. तिथून ते काप शाळेच्या ताटात.

157 जण आजारी पडले, बहुतेक मुलं. पाच वर्षांचा एक मुलगा 4 ऑक्टोबर रोजी ब्रिस्टलच्या हॉस्पिटलमध्ये गेला. 2007 मध्ये दुकानमालकाला एक वर्षाची कैद झाली. चौकशीचं काम पुन्हा ह्यू पेनिंग्टन यांच्याकडेच आलं. 2009 च्या अहवालात त्यांना जवळपास तेच लिहावं लागलं: कच्चं-शिजलेलं वेगळं ठेवा, तपासणीला न सांगता जा, दुकानदार म्हणतो ते खरं आहे का ते पाहा.

आपल्याकडच्या 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात 32, 33 आणि 34 ही कलमं आहेत: सुधारणेची नोटीस, मनाईचा हुकूम, तातडीची मनाई. 35 वं कलम अन्नविषबाधेची खबर देण्याबद्दल आहे. ब्रिटनच्या 1990 च्या कायद्याशी त्यांचं साम्य पाहताक्षणी दिसतं. म्हणजे विशॉच्या त्या शुक्रवारी अधिकाऱ्यांच्या हातात जे होतं, ते आज आपल्या अन्नसुरक्षा यंत्रणेच्याही हातात आहे. आपल्याकडे शाळेच्या पोषण आहारातून, लग्नाच्या पंगतीतून, महाप्रसादातून विषबाधेच्या बातम्या येतात तेव्हा मी एकच ओळ शोधतो: स्वयंपाकघर कुणी, किती वाजता, कुठल्या कलमाखाली बंद केलं? ती ओळ बातमीत बहुधा नसते. रुग्णांची प्रकृती स्थिर असल्याचं छापलेलं असतं.

वेल्सने 2013 मध्ये कायदा केला आणि 28 नोव्हेंबर 2013 पासून प्रत्येक खाद्यव्यावसायिकाला कौन्सिलने दिलेला शून्य ते पाच हा स्वच्छतेचा आकडा दारावर लावणं सक्तीचं झालं. शून्य मिळालेल्यालाही तो लावावाच लागतो. पाच वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर तिथल्या पालकांना निदान एवढं मिळालं. स्कॉटलंडमध्ये तपासणीचा निकाल "पास" किंवा "सुधारणा हवी" असा दिला जातो. विशॉमधल्या दुकानदाराने तो दारावर लावायचा की नाही, हे अजून त्याच्या मर्जीवर आहे.